कोरड

त्या एकादशीला आमच्या मंडळाचं भजन नाशिकच्या पंचवटीतल्या एका जुन्या वाड्यात होतं. तिसरा अभंग माझ्याकडे होता. धृपद नीट गेलं, पहिला चरण गेला, आणि दुसऱ्या चरणात सूर वर न्यायच्या जागेला माझी जीभ टाळूला चिकटली. आवाज फुटेना. पेटीवर बसलेल्या मावशींनी सूर धरून ठेवला, टाळ चालू राहिले, शेजारच्या बाईने ओळ उचलून घेतली. समोरच्यांना बहुधा कळलंही नसेल. मी तांब्यातलं पाणी घेतलं, दोन घोट गिळले. पाणी पोटात गेलं, पण तोंड मात्र तसंच कोरडं, पिठूळ राहिलं.

गाडीवर मागे बसून घरी येताना मला रडू आलं. यांना वाटलं, अभंग सुटला म्हणून. पण नुसतं तेवढंच नव्हतं. त्या संध्याकाळी मी दोन तास एका जागी बसले होते. एकदाही उठले नव्हते. दोन वर्षांत पहिल्यांदा. ज्या एवढ्याशा गोळीने मला दोन तास बसू दिलं, तिनेच माझा गळा काढून घेतला होता.

हे लिहायला मला वेळ लागला, कारण विषय लघवीचा आहे. आपल्याकडे बायका गुडघ्यांबद्दल बोलतात, शुगरबद्दल बोलतात, हल्ली पाळी जाण्याबद्दलही बोलतात. लघवी धरवत नाही, हे मात्र कोणी सांगत नाही. मीही सांगितलं नव्हतं. बँकेतून निवृत्त व्हायच्या आधीच्या वर्षी सुरू झालं. आधी वाटलं चहा जास्त होतोय. मग वाटलं वय झालं. नंतर माझा दिवसच त्याभोवती फिरायला लागला. मेन रोडला खरेदीला जायचं तर कोणत्या दुकानाच्या मागे सोय आहे, शालिमारला कुठे आत जाऊ देतात, सीबीएसवरून बस धरायची तर आधी काय करायचं, सगळं पाठ झालं. मुलीकडे दादरला जायचं तर पंचवटी एक्सप्रेसमध्ये डब्याच्या टोकाची जागा. कसारा घाटात गाडी थांबली आणि संडासासमोर रांग असली की माझे तळहात घामाने भिजायचे. सप्तशृंगी गडावर जाणं तर मी सोडूनच दिलं. देवीला हात जोडून घरूनच नमस्कार.

सगळ्यात वाईट म्हणजे दाराची किल्ली. दिवसभर बाहेर असताना कसंबसं धरलेलं, पण आपल्या घराचं दार दिसलं, किल्ली कुलपात घातली, की अशी कळ यायची की धीरच निघायचा नाही. दोनदा उंबऱ्यातच कपड्यात झालं. नळाचं पाणी वाहायला लागलं तरी तसंच. मला वाटायचं हे माझ्या मनाचे खेळ आहेत. नंतर कळलं, या दुखण्यात हे अगदी नेहमीचं आहे. जागेची आणि आवाजाची मेंदूला सवय लागते आणि तो आधीच इशारा देऊन बसतो.

मूत्ररोगतज्ज्ञाकडे गेले तेव्हा मला वाटलं होतं, गोळी लिहून देतील आणि संपेल. त्यांनी आधी लघवीची तपासणी आणि कल्चर सांगितलं, साखर बघितली, आणि सोनोग्राफीत लघवी करून आल्यावर लघवीच्या पिशवीत किती उरते तेही मोजलं. जंतुसंसर्ग असेल तर त्याचं औषध वेगळं. पिशवी नीट रिकामीच होत नसेल तर या आजाराच्या बऱ्याच गोळ्या ती आणखी अडवतात. माझं सगळं ठीक निघालं. मग म्हणाले, “ताई, तीन दिवस वही लिहा.”

वही म्हणजे किती वाजता गेले, किती झाली, त्याआधी काय प्यायले, आणि कळ किती जोराची होती. स्वयंपाकघरातलं एक जुनं मापाचं भांडं मी बाथरूममध्ये नेऊन ठेवलं. तीन दिवसांनी वही बघून मलाच धक्का बसला. दिवसरात्र मिळून चौदा वेळा. त्यात रात्री तीन. आणि दर वेळी शंभर, सव्वाशे मिली. मोठ्या माणसाच्या पिशवीत तीनशे ते पाचशे मिली सहज मावते, म्हणजे माझी पिशवी पाव भरली की ओरडत होती. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, ओव्हरॲक्टिव्ह ब्लॅडर. पिशवीच्या भिंतीत डिट्रूसर नावाचा स्नायू असतो. पिशवी भरत असताना त्याने ढिलं राहायचं आणि आपण बसल्यावरच आवळायचं, हा नियम. माझा स्नायू वेळ नसताना आवळत होता.

पहिले सहा आठवडे गोळी नाहीच. चहा पाचावरून दोनावर. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून धरायचा व्यायाम. आणि पिशवीला शिस्त: कळ आली की लगेच धावायचं नाही, उभं असलं तर बसायचं, पाच वेळा ते स्नायू आवळायचे, लाट ओसरू द्यायची आणि मग शांतपणे चालत जायचं. दर आठवड्याला मधलं अंतर दहा-पंधरा मिनिटांनी वाढवायचं. चौदाचे अकरा झाले. हे तीन कमी झाले ते निव्वळ शिस्तीने, याचं मला आजही समाधान आहे. यात कसलाही अपाय नाही, म्हणून ज्या बाईला गोळी घ्यायची नाही तिनेही हे करून बघावं असं मला फार वाटतं.

मग गोळी आली. सोलिफेनासिन, ५ मिलीग्रॅम, दिवसातून एकदा. डॉक्टरांनी दोन पर्याय सांगितले होते, पण दुसरी, मिराबेग्रॉन, महाग पडेल म्हणाले, आणि मी सरळ पहिलीला हो म्हटलं. तीन-चार आठवड्यांत अकराचे आठ झाले. रात्री एकदाच उठायचे. किल्ली कुलपात घालताना हात थरथरायचा थांबला. आणि पाचव्या आठवड्यात ती एकादशी आली.

तोंडाला कोरड पडते हे गोळीच्या कागदावर लिहिलेलं असतंच. वाचलंही होतं. पण ती का पडते हे कळेपर्यंत ते मला किरकोळ वाटलं होतं. पिशवीला आवळण्याचा निरोप देणारं रसायन म्हणजे अॅसिटिलकोलीन. ते स्नायूवरच्या ज्या जागांवर जाऊन बसतं त्यांना मस्करिनिक म्हणतात, आणि या घराण्यातल्या गोळ्या त्या जागा अडवून ठेवतात. अडचण अशी की त्याच जातीच्या जागा लाळेच्या ग्रंथींवर आहेत, आतड्यावर आहेत, डोळ्यात आहेत, मेंदूत आहेत. आमच्या भागात एका गल्लीच्या दुरुस्तीसाठी महापालिकेचा माणूस चौकातला व्हॉल्व्ह फिरवतो आणि तीन गल्ल्यांचं पाणी जातं, तसंच हे. म्हणून तोंड कोरडं, पोट साफ नाही, वाचताना अक्षरं पुसट. सोलिफेनासिनच्या चाचण्यांमध्ये ५ मिलीग्रॅम घेणाऱ्यांपैकी सुमारे ११ टक्के आणि १० मिलीग्रॅम घेणाऱ्यांपैकी जवळपास २८ टक्के लोकांनी कोरड पडल्याचं सांगितलं होतं. तुलनेसाठी खोटी, म्हणजे औषध नसलेली गोळी दिलेल्यांत हे प्रमाण ४ टक्के होतं. शंभरातल्या अकरांमध्ये मी होते.

पण ज्या बाईला गायचं नाही तिला ही कोरड चालून गेली असती. माझ्या नणंदेला तीच गोळी आहे, दीड वर्ष झालं, ती मजेत आहे. लवंग तोंडात धरते आणि चालवून नेते. मी वर्गात शिकवत असते, कीर्तन करत असते, फोनवर दिवसभर बोलायचं काम करत असते, तर माझा निर्णय वेगळा व्हायला हवा होता. मला डॉक्टरांनी विचारलं नाही की दिवसभर तुम्ही काय करता, आणि मीही सांगितलं नाही. निवृत्त म्हटलं की घरात बसणारी बाई, असं त्यांनी धरलं असेल. आणि गाणं ही डॉक्टरला सांगायची गोष्ट आहे असं मला वाटलं नाही. याची बोच मला त्यांच्यापेक्षा माझ्याबद्दल जास्त आहे. आठवड्यातले तीन दिवस मी ज्यासाठी जगते ते मी माझ्याच आजाराच्या हिशेबातून वगळलं होतं.

परत गेले आणि या वेळी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, मग मिराबेग्रॉन बघू.

हिचं घराणंच वेगळं. आवळण्याचा निरोप अडवण्याऐवजी ही स्नायूवरच्या बीटा-३ नावाच्या जागेला हात लावते आणि पिशवी भरत असताना स्नायूला सैल राहायला सांगते. लाळेच्या ग्रंथींशी तिचं फारसं वैर नाही. कोरड पडण्याचं प्रमाण खोट्या गोळीइतकंच असतं. जपानमध्ये ती २०११ मध्ये आली, अमेरिकेत २०१२ मध्ये. पण हिचीही किंमत आहे, आणि इथे मी पैशांबद्दल बोलत नाही. रक्तदाब थोडा वाढू शकतो. सरासरी वाढ अगदी एखाद्या अंकाची, पण ज्याचा दाब आधीच १८०/११० च्या वर आणि आटोक्याबाहेर आहे त्याला ही गोळी देत नाहीत. आणि दुसरं, जे मला कागद वाचूनही कळलं नसतं: यकृतातलं एक पाचक रसायन, ज्याच्यामुळे काही औषधं मोडली जातात, ते ही गोळी थोडं दाबून ठेवते. मी दाबासाठी मेटोप्रोलॉल घेते. ते त्याच वाटेने मोडतं. म्हणजे मिराबेग्रॉन सुरू झाल्यावर गोळी तेवढीच घेऊनही रक्तातलं मेटोप्रोलॉल वाढणार.

तिसऱ्या आठवड्यात जिना चढताना पाय जड वाटायला लागले. घरच्या यंत्रावर नाडी ५२. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी मेटोप्रोलॉल ५० चं २५ केलं, आणि आठवड्याभरात नाडी साठीच्या वर आली. हे जर मी वहीत लिहीत नसते तर ‘वय झालं’ म्हणून सोडून दिलं असतं.

सोलिफेनासिन शरीरातून सावकाश जातं. त्यातली निम्मी मात्रा जायलाच दोनेक दिवस लागतात. त्यामुळे गोळी बंद केली आणि दुसऱ्या दिवशी तोंड ओलं झालं असं झालं नाही. दहा-बारा दिवसांनी एका सकाळी रियाजाला बसले आणि लक्षात आलं की पाणी न पिता दोन अभंग झाले आहेत. मिराबेग्रॉनला तिचं पूर्ण काम दाखवायला आठ आठवडे लागू शकतात, तेवढे मी दिले. आता माझ्या फेऱ्या नऊ-दहा असतात. रात्री एक, कधी दोन. आकडे नुसते शेजारी मांडले तर पहिली गोळी सरस होती. पण माझ्या घरात, माझ्या गळ्याच्या हिशेबात, दुसरी.

डॉक्टरांनी एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट सांगितली होती, ती इथे लिहिते, कारण ती कोणी सांगत नाही. यातली कोणतीही गोळी चौदाचे चार करत नाही. मोठ्या चाचण्यांमध्ये सोलिफेनासिनने चोवीस तासांतल्या फेऱ्या सरासरी दोन-अडीचने कमी झाल्या, आणि खोट्या गोळीनेही सुमारे दीडने. म्हणजे वही लिहिणं, लक्ष देणं, कोणीतरी ऐकून घेणं, यातही बरंच काही होतं. वर्षभरात निम्म्याहून जास्त लोक या गोळ्या सोडून देतात, कारण एक तर अपेक्षा फार असते किंवा त्रास होतो आणि तो सांगायला कोणी परत जात नाही.

आता आईचं.

आई ८१ वर्षांची, आमच्याकडेच असते. मला गुण येतोय हे बघून तिने पहिल्यांदाच तोंड उघडलं. “मलाही होतं गं तसं, किती वर्षं झाली.” किती वर्षं, ते तिने सांगितलं नाही. त्या आठवड्यात मी मुलीकडे गेले होते, तेव्हा भाऊ तिला घराजवळच्या एका दवाखान्यात घेऊन गेला. तिथे ऑक्सिब्युटिनिन दिलं. दिवसातून दोनदा. उरलेली लघवी मोजली नाही, ती आणखी कोणत्या गोळ्या घेते हे विचारलं नाही.

मी परत आले तेव्हा आई ओसरीत बसून मामाची वाट बघत होती. मामाला जाऊन अकरा वर्षं झाली. दुसऱ्या दिवशी तिने मला विचारलं की शाळा सुटली का. चार दिवस पोट साफ नव्हतं. तिच्या डोळ्यांतलं ते बावरलेपण मी कधी विसरणार नाही. मला वाटलं, झालं, आता आई हातची गेली.

रात्री तिच्या औषधांच्या सगळ्या पाकिटांतल्या पट्ट्या मी जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडल्या. पायांच्या जळजळीसाठी अमिट्रिप्टिलीन. सर्दीसाठी कोणीतरी कधीतरी दिलेली क्लोरफेनिरामिनची गोळी, जी ती मनानेच रोज घेत होती. आणि वर हे ऑक्सिब्युटिनिन. तिन्ही अॅसिटिलकोलीन अडवणाऱ्या. एकेकटी असती तर कदाचित तिने सोसली असती.

ऑक्सिब्युटिनिन या घराण्यातलं सगळ्यात जुन्यांपैकी एक, अमेरिकेत १९७५ पासून. स्वस्त आणि परिणामकारक. पण त्याचा रेणू लहान आणि चरबीत सहज मिसळणारा, त्यामुळे तो मेंदूत सहज शिरतो. तरुण माणसाला ते फारसं जाणवत नाही. म्हाताऱ्या मेंदूत अॅसिटिलकोलीन आधीच कमी झालेलं असतं, आणि तेच आठवणीचं रसायन आहे. अशी औषधं वर्षानुवर्षं घेणाऱ्या वयस्कांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण जास्त दिसतं, असं २०१५ मध्ये अमेरिकेतल्या आणि २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या पाहणीत आढळलं. औषधामुळेच झालं हे त्यातून सिद्ध होत नाही, पण ८१ वर्षांच्या आईच्या बाबतीत मला सिद्ध व्हायची वाट बघायची नव्हती.

माझ्या डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी ऑक्सिब्युटिनिन थांबवलं, सर्दीची गोळी बंद केली, अमिट्रिप्टिलीन तिच्या डॉक्टरांशी बोलून हळूहळू कमी केलं. पाचव्या दिवशी आईने मला नावाने हाक मारली आणि विचारलं, “आज भजन नाही का?” मी तिथेच जमिनीवर बसले.

तिची वही मी लिहिली. त्यात दिसलं की तिची दाबाची, लघवी वाढवणारी गोळी ती संध्याकाळी जेवताना घेत होती. सकाळी हलवली. रात्रीच्या पाच फेऱ्यांच्या तीन झाल्या, एकही नवी गोळी न देता. मग उरलेली लघवी मोजून, दाब बघून, मिराबेग्रॉन २५. तेवढंच. खाटेपासून संडासापर्यंत रात्रभर जळणारा छोटा दिवा लावला. अंधारात घाईने उठून पडण्याची भीती मला आजाराहूनही जास्त वाटते.

आमची औषधं यांच्या ओळखीच्या एका दुकानातून येतात, गोळे कॉलनीत. त्या गल्लीत दोन्ही बाजूंना औषधांचे घाऊक व्यापारी, खोक्यांचे ढीग, हातगाड्या, आणि औषधांचा तो थंड कडवट वास. त्या दुकानातल्या काकांकडून मी या सगळ्या घराण्याची ओळख करून घेतली. टोल्टेरोडिन अमेरिकेत १९९८ पासून. फेसोटेरोडिन शरीरात गेल्यावर टोल्टेरोडिनच्याच कामाच्या रूपात बदलतं, म्हणजे दोघं सख्खी भावंडं. डॅरिफेनासिन पिशवीवरची एम-३ ही जागा जास्त नेमकी धरतं, मेंदूला कमी त्रास देतं, पण पोट बांधून ठेवतं. ट्रॉस्पियमच्या रेणूवर विद्युतभार असतो, म्हणून मेंदूच्या उंबऱ्यातून ते फारसं आत जात नाही. ते मात्र रिकाम्या पोटी घ्यावं लागतं. आणि बीटा-३ मध्ये व्हिबेग्रॉन, २०१८ मध्ये जपानात आणि २०२० मध्ये अमेरिकेत आलेलं, जे मेटोप्रोलॉलच्या वाटेत येत नाही. काका हे सगळं खोकी मोजता मोजता सांगतात. त्यांनीच मला बजावलं की मिराबेग्रॉन तोडायची नाही, चावायची नाही, ती हळूहळू सुटण्यासाठी बनवलेली असते. जनऔषधीच्या दुकानात काय मिळतं तेही बघा म्हणाले. स्वतः दुकानदार असून म्हणाले, म्हणून त्यांच्याबद्दल मला आदर आहे.

गोळ्यांनी भागलं नाही तर पिशवीच्या भिंतीत बोटुलिनमचं इंजेक्शन देतात, घोट्याजवळच्या नसेला सौम्य विजेचे झटके देतात. माझ्यावर ती वेळ आली नाही.

गेल्या महिन्यात भजन संपल्यावर सतरंज्या गोळा करताना मंडळातल्या एक काकू माझ्याजवळ आल्या. खूप हळू म्हणाल्या, “तू हल्ली मधे उठत नाहीस. ती गोळी कोणती गं? नाव लिहून दे ना, माझा मुलगा आणेल.”

मी विचारलं, “काकू, डोळ्यांचं काही?”

“काचबिंदू आहे ना. थेंब टाकते रोज.”

माझ्या पोटात धस्स झालं. काचबिंदूचा एक प्रकार असतो, कोन अरुंद असलेला, त्यात पहिल्या घराण्यातल्या गोळ्या डोळ्यातला दाब एकदम वाढवू शकतात. त्यांचा कोणता प्रकार आहे हे त्यांना माहीत नव्हतं, मला तर कुठून असणार. पोट साफ होतं का विचारलं, तर म्हणाल्या इसबगोलशिवाय नाही. दाबाची गोळी चालू आहे का, तर हो, दोन आहेत, नावं माहीत नाहीत, एक पांढरी आणि एक गुलाबी.

मी नाव लिहून दिलं नाही. माझ्या अभंगांच्या वहीच्या शेवटच्या पानावर चार रकाने आखले, वेळ, किती, काय प्यायलं, कळ किती, आणि ते पान फाडून त्यांच्या हातात दिलं. घरात मापाचं भांडं आहे का विचारलं. सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून ठेवायला सांगितल्या, डोळ्यांच्या थेंबांसकट. आपण दोघी मिळून जाऊ म्हटलं.

पुढच्या मंगळवारी त्या पान घेऊन आल्या. चार घड्या घातलेलं, पदरात बांधून आणलेलं. थरथरत्या, पण सुवाच्य अक्षरात तीन दिवस लिहिले होते. सहा चहा. रात्री चार वेळा. आणि रकान्याच्या बाहेर, कोपऱ्यात, बारीक अक्षरात: “कीर्तनाला जाता येत नाही, दोन वर्षं.”

मी म्हटलं, काकू, डॉक्टरांना हे आधी दाखवायचं.